घासलेली कड

ताई आली ती दारातूनच ओरडत आली. मुख्याध्यापिका झाल्यापासून तिला हळू बोलता येत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याआधी तरी कुठे येत होतं!

"झालं का रे तुझं? उद्या सकाळी हॉल उघडायचाय आणि तुझ्या त्या पदकांच्या पट्ट्या अजून इस्त्रीखालीच! मी निवृत्त झाल्यावर देणार आहेस का?"

"इस्त्री फार गरम झाली तर पट्टीचा रंग उतरतो, ताई. सावकाशच करावं लागतं."

"सावकाश! जन्मल्यापासून तुझं सगळं सावकाशच आहे."

धाकट्याने मान वर केली नाही. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. शाळेत असतानाच त्याने कुठूनसं एक भिंग पैदा केलं होतं आणि मुंग्यांपासून नाण्यांपर्यंत दिसेल ते त्याखाली धरायचा. ताईने तेव्हा त्याचं नावच भिंग पाडलं. आता केस पांढरे झाले, तरी घरात तो भिंगच. बायकोसुद्धा चिडली की भिंगच म्हणायची. नाण्यांचा नाद पुढे पदकांवर गेला. जुनी लष्करी पदकं शोधायची, ओळखायची, जमवायची. संग्राहकांच्या क्लबात त्याच्या शब्दाला मान होता, विशेषतः खोटं पदक पकडण्यात. अमुक पदक खरं की बनावट असा वाद निघाला की सगळे म्हणायचे, भिंगाला दाखवा.

आता त्याच्यापुढे त्याच्या सख्ख्या बापाची पदकं होती. ताईच्या शाळेत उद्या गावातल्या सैनिकांचं प्रदर्शन होतं. मधल्या काचपेटीत बाबांची पदकं, शेजारी खुर्चीत खुद्द बाबा, आणि पाहुणे म्हणून भिंगाच्या क्लबाचे अध्यक्ष. हे सगळं ताईच्या डोक्यातून निघालेलं. यंदा ती निवृत्त होणार होती आणि जाताना काहीतरी भव्य करून जायचं हे तिने मनावर घेतलं होतं.

ताईने मधल्या खोलीत येऊन पर्स खुर्चीवर टाकली, आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. ती हळू बोलली की समजावं, काहीतरी काळंबेरं आहे.

"ते झालं का?"

"झालं."

"बघू."

त्याने डोंगरातल्या मोहिमेचं पदक आणि भिंग तिच्या हातात दिलं. तिने पदक उभं धरलं आणि कडेवरची अक्षरं वाचली. बाबांचा नंबर. बाबांचं नाव.

"छान झालंय," ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला स्वतःचीच किळस आली. तिने पदक घाईघाईने खाली ठेवलं आणि हात साडीला पुसले.

झालं होतं ते असं. बाबांच्या छातीवरची पदकं आजवर कोणी सुटी केलेलीच नव्हती, बाबा ती कोणाच्या हातीच देत नसत. सगळी एका दांडीवर, जुन्या पट्ट्यांवर ओळीने शिवलेली. गेल्या आठवड्यात नव्या पट्ट्या लावायला म्हणून भिंगाने पहिल्यांदा टाके उसवले आणि सवयीने आधी कड बघितली. पदकाच्या जाडीवर, कडेला, सैनिकाचा नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. येरागबाळा माणूस पदकाचा चेहरा बघतो, भिंगासारखी माणसं आधी कड बघतात. बाकीच्या पदकांवर बाबांचं नाव होतं. डोंगरातल्या मोहिमेच्या पदकावर दुसऱ्याच कोणाचं.

दुसऱ्याचं पदक छातीवर लावणाऱ्याला क्लबात तोतया म्हणतात. मागे एका म्हाताऱ्याला भिंगानेच भर सभेत तोतया ठरवलं होतं. म्हातारा रडत रडत निघून गेला होता, आणि भिंगाला त्या रात्री छान झोप लागली होती. आता बापाची कड बघून त्याचे कान तापले. बाबांनी हे कुठून आणलं? कोणाच्या अंगावरून? बाबा स्ट्रेचरवाले. जखमी आणि मेलेली माणसं उचलायचं त्यांचं काम. पुढचा विचार त्याने केला नाही, म्हणजे केला, पण अर्ध्यावर सोडला.

बाबांना विचारायचं सोडून त्याने ताईला फोन केला.

"अध्यक्षांनी कड बघितली तर?" ताईने पहिलं हेच विचारलं होतं.

"बघणारच. हात लावला की आधी तीच बघतात."

"मग कर ना काहीतरी! एवढा मोठा तज्ज्ञ म्हणवतोस. माझ्या शाळेत, माझ्या बापाची छी थू व्हायला नको."

आणि तज्ज्ञाने केलं. दुकान बंद करून, शटर आतून ओढून, चष्म्याच्या काड्या घासायच्या बारीक कानशीने त्याने तो नंबर आणि ते नाव घासून काढलं. मग एका भामट्याकडून क्लबाने काढून घेतलेले अक्षरांचे ठसे आणले, जे नवशिक्यांना बनवेगिरी दाखवायला त्याच्याच ताब्यात होते, आणि त्या ठशांनी बाबांचा नंबर आणि नाव ठोकलं. जन्मभर ज्या पापाबद्दल त्याने व्याख्यानं दिली तेच त्याने केलं, आणि वाईट म्हणजे उत्तम केलं. तेव्हापासून त्याला बाबांच्या खोलीत जायचं जिवावर यायचं.

*

आतल्या खोलीत सूनबाई बाबांची दाढी करत होती. ती हॉस्पिटलात नर्स. दुसऱ्या कोणी वस्तरा हातात घेतला की बाबा मान आखडायचे, तिच्या हाती मात्र निवांत सोडून द्यायचे.

"बाहेर ताई आली वाटतं," बाबा म्हणाले.

"तुम्हाला ऐकू आलं?"

"अगं, आता काही ऐकू येईना, म्हणून विचारलं. ती गप्प का?"

सूनबाई हसली. तिच्याही ते लक्षात आलं होतं. आठवडाभर नवरा ताटावरून अर्धवट उठत होता, आणि नणंदेचे फोन आले की गॅलरीत जाऊन बोलत होता. या दोघा भावंडांचं एरवी विळ्याभोपळ्याचं सख्य. एकदम गळ्यात गळे कसे, हे तिला कळेना.

"माझं पदक कुठंय गं?" बाबांनी पुन्हा विचारलं. रोज विचारत होते.

"पट्ट्या बदलतायत ना. उद्या घालायचंच आहे."

"डोंगरातलं तेवढं आधी दे म्हणावं."

त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर पुढेमागे फिरत होता. हातात काही नसतानाही फिरत होता. पूर्वी संध्याकाळी खिडकीशी बसून ते पदकांची दांडी मांडीवर घ्यायचे आणि त्या एकाच पदकाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहायचे. तिला वाटायचं, म्हातारपणाचा चाळा.

बेल वाजली. बाहेर दोन माणसं बसलेली असूनही कोणी उठेना, तेव्हा तीच हात पुसत गेली.

दारात पन्नाशीची एक उंच बाई उभी होती. इतकी उंच, की चौकटीखाली तिने आपोआप मान झुकवली. हातात बिस्किटांचा खोका आणि काखेत पिशवी.

"बुटके काका इथेच राहतात ना?"

"कोण?" मागून ताईचा आवाज आला.

"अय्या, सॉरी! आमच्या बाबांच्या तोंडी तेच होतं, तेच बसलं. बाबांना सगळे लांब्या म्हणायचे आणि काकांना बुटक्या. दोघे एका स्ट्रेचरवर होते. मी लांब्याची मुलगी. माझी बेकरी आहे. तुमच्या शाळेची पत्रिका आली, मग म्हटलं उद्याच्या गर्दीत भेट कसली होणार, आजच जाऊ." तिने एका दमात सांगून टाकलं. मग जरा थांबून म्हणाली, "बाबा गेले. या थंडीतच गेले."

ताई पुढे झाली. पत्रिका बाबांच्या तुकडीतल्या जितक्या घरांचे पत्ते मिळाले तितक्यांना तिनेच पाठवल्या होत्या, मिरवायला. कोणी खरंच घरी येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"या ना, बसा. फार वाईट झालं."

बेकरीवाली बसली आणि पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढू लागली. "मी खरं तर अदलाबदल करायला आले."

"कसली?"

"पदकांची. तुमच्या बाबांचं आमच्याकडे आहे. आमच्या बाबांचं तुमच्याकडे."

रुमाल उलगडला. आत डोंगरातल्या मोहिमेचं पदक होतं. भिंग मधल्या खोलीतल्या टेबलाकडून उठून दारात येऊन उभा राहिला होता. त्याला भिंगाची गरजच पडली नाही. कडेवर काय असणार ते त्याला कळलं. सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं, मग नणंदेकडे. दोघांचे चेहरे एकसारखे उतरले होते. इतकं साम्य तिने त्यांच्यात कधी पाहिलं नव्हतं.

*

बाबांना धरून बाहेर आणलं. अर्ध्या दाढीवर साबण तसाच. त्यांनी बेकरीवालीकडे खालपासून वर बघितलं, बघतच राहिले.

"लांब्याची ना?"

"कसं ओळखलंत काका?"

"अगं, मान वर करावी लागली ना मला!" ते हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "गेला?"

"गेले."

"हं." ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तो पुढे आणि मी मागे असलो ना, की स्ट्रेचर असं तिरकं व्हायचं. सपाटीवर पेशंट घसरून माझ्या अंगावर! आमचा साहेब म्हणायचा, ही जोडी कुठल्या गाढवाने लावली. पण डोंगरात? डोंगरात आमच्यासारखी जोडी नाही. चढाला लांब्या मागे, उताराला लांब्या पुढे. स्ट्रेचर एकदम सपाट. पाणी ठेवलंस तरी सांडणार नाही."

"बाबा सांगायचे," बेकरीवाली म्हणाली. "त्या खिंडीतून सगळ्यांना खाली आणलंत आणि अख्ख्या तुकडीला सन्मान मिळाला."

"तो बघ, तो. उजव्या बाजूला लावतात ती पट्टी. सगळ्यांना सारखी, नाव नाही गाव नाही."

भिंगाने त्या पट्टीकडे कधी धड पाहिलंही नव्हतं. ज्यावर नाव नाही त्यात संग्राहकाला काय रस!

"आणि पदकं?" सूनबाईने विचारलं. हा प्रश्न या घरात पहिल्यांदाच कोणीतरी विचारला.

"ती फार उशिरा आली. छावणीत, खोक्यातून. आमच्या स्ट्रेचरवाल्यांनी ठरवलं, जोडीदाराचं आपण लावायचं आणि आपलं जोडीदाराला द्यायचं. सगळ्याच जोड्यांनी बदलली. पुढच्याला मागचा दिसत नाही ना. नुसते पाय ऐकू येतात. पाय थांबले की काळजात चर्र व्हायचं. म्हणून नाव जवळ ठेवायचं." बाबांनी अंगठा तर्जनीवर फिरवला. "दुसऱ्याचं पदक लावणं गुन्हा आहे, बरं का. म्हणून आम्ही शब्द दिला होता, बोलायचं नाही. आणि एक जण गेला की त्याचं त्याच्या घरी पोचवायचं. नावासकट."

"म्हणूनच आले," ती म्हणाली. "फोटोखाली लावायचंय. बाबांच्या नावाचं असं आमच्याकडे काहीच नाही. घराला आग लागली होती तेव्हा सगळं गेलं. हे वाचलं, ते बाबांनी अंगावर घातलं होतं म्हणून. पण त्यावर नाव तुमचं." ती हसली. "आई म्हणायची, तुझा बाप स्वतःच्या नावाचं काही मागे ठेवणार नाही. बाबा म्हणायचे, ठेवलंय, बुटक्याकडे ठेवलंय."

बाबांनी तिने आणलेलं पदक हातात घेतलं, कड चाचपली, मान डोलावली आणि बाजूला ठेवलं. मग हाक मारली, "भिंग, डोंगरातलं आण रे."

भिंग जागचा हलला नाही.

"ते शाळेत आहे!" ताई एकदम म्हणाली. "काचपेटीत. कालच नेलं."

सूनबाईच्या भुवया वर गेल्या. पदक मधल्या खोलीतल्या टेबलावर इस्त्रीशेजारी पडलेलं तिने येता येता पाहिलं होतं.

"मग चला शाळेत," बाबा म्हणाले. "मी येतो. साबण पुसा जरा."

"कुलूप आहे, बाबा. चावी... चावी ह्यांच्याकडे आहे."

त्याच वेळी भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, काचपेटीचे स्क्रू घेऊन दारातून आत येत होते. शाळेतून तडक आले होते. आनंदी गृहस्थ. बायको सांगेल ते करायचं आणि वर विनोद करायचा, यावर त्यांचा संसार उत्तम चालला होता.

"कसली चावी?" त्यांनी विचारलं. "पेटी तर सताड उघडी आहे. तुम्ही पदकं द्याल तेव्हा बंद करणार ना!"

ताईने डोळे मिटून घेतले.

*

स्वयंपाकघरात चौघे. सूनबाई चहा टाकायला आली होती, बाकीचे तिघे तिच्या मागोमाग पाणी प्यायला. एवढी तहान एकाच वेळी कोणाला लागत नाही. तिने गॅस पेटवलाच नाही.

"काय केलंत?"

भिंगाने सांगितलं. पातेल्याकडे बघत सांगितलं. ताई मधे मधे "अगं पण", "आम्हाला काय माहीत" असं म्हणत होती, पण ते तिच्याच मनाला पटत नव्हतं. सगळं सांगून झालं तेव्हा सूनबाईने एवढंच विचारलं,

"तुम्हाला वाटलं बाबांनी मेलेल्या माणसाचं काढून घेतलं?"

ताईने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"वाटलं ना? आणि तुम्ही विचारलंही नाहीत. खिडकीशी रोज बसलेला असतो तो माणूस. चार पावलं जाऊन विचारायचं होतं."

"कसं विचारणार होतो?" भिंग म्हणाला. "बाबा, तुम्ही चोर आहात का, असं?"

"हो! तसंच. शिव्या दिल्या असत्या त्यांनी, आणि मग सांगितलं असतं."

ताईने सूत्रं हातात घ्यायचा प्रयत्न केला. आयुष्यभराची सवय. "हे बघा, झालं ते झालं. आता त्या बाईंना म्हणू, पदक सापडत नाही. शोधून पाठवतो. भिंग तोवर पुन्हा मूळ नाव घालेल. काय रे? घालशील ना?"

"नाही होणार. पुन्हा घासलं तर कड उरणारच नाही. आता यावर काही ठोकता येणार नाही, ताई."

"मग दुसरं आण! तेच पदक, दुसऱ्या कोणाचं तरी. तुझ्याकडे ढीग आहे!"

भाऊजींच्या चेहऱ्यावरचा नेहमीचा विनोद गेला होता. ते बायकोशी कधी वाद घालत नसत. "बास," ते म्हणाले. "बास कर आता. बाहेर बसली आहे ती बाई बापाचं नाव मागायला आली आहे. तिला अजून एक खोटं नाव देणार? मला नाही जमायचं." आणि ते सूनबाईच्या बाजूला जाऊन उभे राहिले. ताई ओट्याला टेकली. शाळेत रोज सकाळी ती मुलांना प्रामाणिकपणावर चार शब्द सांगते. ते सगळे शब्द तिला आत्ता आठवले, एकेक करून, आणि तिला कुठे बघावं ते कळेना.

"जा," सूनबाई नवऱ्याला म्हणाली. "तुम्हीच घासलंत, तुम्हीच सांगा."

"माझ्याबरोबर येतेस?"

"नाही."

*

भिंगाने टेबलावरून पदक उचललं. बाहेरच्या खोलीत बेकरीवाली बाबांना मोबाईलवर तिच्या वडिलांचा फोटो दाखवत होती आणि बाबा म्हणत होते, "केस होते की याला अजून! माझे बघ." मग त्यांनी भिंगाच्या हातात पदक पाहिलं आणि हात पुढे केला.

"इथेच होतं तर. ताई पण ना!"

भिंगाने सांगायला तोंड उघडलं. बोलायचं त्याने मनात नीट जुळवलं होतं, पण तेवढ्यात बाबांनी पदक घेतलंसुद्धा. त्यांचा अंगठा कडेवर गेला. एकदा फिरला. थांबला. पुन्हा पहिल्यापासून, हळू, नखाने. मग त्यांनी पदक डोळ्याजवळ नेलं, पण डोळ्यांना ती अक्षरं केव्हाचीच दिसेनाशी झाली होती.

"हे माझंच नाव लागतंय," ते म्हणाले. "भिंग, तुझी गल्लत झाली. हे तिने आणलेलं."

"नाही, बाबा."

"अरे, तिचं हे इकडे..." त्यांनी बाजूला ठेवलेलं उचललं, त्याच्याही कडेवरून अंगठा फिरवला. दोन्ही हातांत एकेक पदक घेऊन ते बसून राहिले. "दोन्हीवर मीच?"

"मी घासलं, बाबा." भिंगाचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "मला दुसऱ्याचं नाव दिसलं. उद्या सगळ्यांसमोर कोणी बघितलं असतं तर... मला वाटलं तुम्हाला कोणी काही बोलायला नको. म्हणून मी ते नाव काढलं आणि तुमचं घातलं."

बेकरीवालीला आधी कळलंच नाही. ती एकदा भिंगाकडे, एकदा बाबांकडे बघत राहिली, कोणीतरी पुढचं सांगेल म्हणून. मग तिने हळूच विचारलं, "म्हणजे बाबांचं नाव त्यावर नाही?"

"नाही," भिंग म्हणाला. "मला माफ करा."

ती रुमालाची घडी घालू लागली, उलगडली, परत घातली. तिने एक शिवी हासडली असती तर भिंगाला बरं वाटलं असतं. स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती. तिला पुढेही येववेना आणि मागेही जाववेना.

"तुला वाटलं मी चोरलं," बाबा म्हणाले. त्यांनी विचारलं नव्हतं. भुईने पोटात घ्यावं असं त्याला झालं.

"सगळ्यांची पदकं जमवतोस," बाबा म्हणाले. "कोण कुठला सैनिक, कुठे लढला, कुठे पडला, सगळं शोधून काढतोस. परक्या माणसांची चौकशी करायला कुठून कुठे जातोस. मी इथे होतो रे."

"चुकलं, बाबा."

"नंबर लिहून ठेवलायस ना? लांब्याचा नंबर. तू तर आलेल्या प्रत्येक पदकाचा लिहून ठेवतोस. तेवढा हिला दे. फोटोखाली ती तो तरी लिहील."

क्लबात शपथेवर सांगता येईल, भिंगाच्या हाताखालून एकही पदक नोंद न होता गेलं नव्हतं. हे एकच गेलं होतं, मुद्दाम. मागे काही राहायला नको म्हणून त्याने नंबर कुठे लिहिला नव्हता, आणि आठवायचाही नाही असं ठरवून घासला होता.

"नाही लिहिला."

"तुम्हाला पाठ असेल ना, काका?" बेकरीवालीने आशेने विचारलं.

बाबांनी ओठ हलवले. दोन आकडे निघाले, मग ते अडले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. "पाठ कधी केलाच नाही, पोरी," ते म्हणाले. "अंगठ्याला येत होता."

तिने मान हलवली. मग उठली, तिने आणलेलं पदक बाबांच्या हातातून अलगद काढून घेतलं आणि रुमालात बांधलं. "हे मी परत नेते. तुमचं नाव आहे, पण बाबांच्या अंगावर होतं. चालेल ना?"

"ने. ने बाई. त्याचंच आहे ते." बाबा म्हणाले. "बघ ना, आता मी दोनदा आहे आणि तो एकदाही नाही."

"बिस्किटं ठेवलीत," ती म्हणाली, कारण काहीतरी म्हणायलाच हवं होतं. ताई पुढे झाली, "उद्या याल ना?" असं विचारून बसली, आणि विचारल्यावर तिचं तिलाच लाजेने तोंड लपवावंसं वाटलं. बेकरीवालीने वाकून बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती मान झुकवून दारातून गेली. भाऊजी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

खोलीत बाप, मुलगा आणि मुलगी राहिली. बाबांच्या अर्ध्या गालावर साबण वाळून पापुद्रा धरला होता.

"उद्याचं मी रद्द करते, बाबा," ताई म्हणाली. आजच्या दिवसात पहिल्यांदा तिला मनापासून हळू बोलावंसं वाटत होतं.

"कशाला? मुलांनी तयारी केलीय. मी येईन. ती नाव नसलेली पट्टी तेवढी लावा."

"आणि हे, बाबा?" भिंगाने विचारलं.

बाबांच्या हातात घासलेलं पदक होतं. त्यांनी ते त्याच्यापुढे धरलं. "हे तुझ्याकडे ठेव. किती वर्षं मागत होतास ना, तुमचं एक तरी माझ्या संग्रहात द्या म्हणून. घे. माझ्या नावाचं आहे."

भिंगाने घेतलं. नाही म्हणायचं तोंड त्याला नव्हतं. पदक बाबांच्या मुठीने कोमट झालेलं होतं.

बाबांनी उठायला खुर्चीच्या हातावर जोर दिला. गुडघा साथ देईना. भिंग चटकन पुढे झाला आणि त्याने हात दिला. बाबांनी तो हात पाहिला. नीट पाहिला. मग मान आतल्या दाराकडे वळवली आणि हाक मारली, "सूनबाई, जरा उठव गं मला."

ती आली. भिंग हात तसाच पुढे धरून उभा होता.